आजीला विचारायचा प्रश्न

"मॅडम, ह्याला कशाची किंमतच नाही." पहिल्या भेटीत आईचं हे पहिलं वाक्य. शेजारी दहावीतला मुलगा, नजर फरशीवर. सहा महिन्यांपूर्वीचा फोन त्याला आता 'स्लो' वाटतो, डबा अर्धा परत येतो आणि कुणी काही केलं तर आभाराचा शब्द नाही. ही तक्रार घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे आठवड्याला एक तरी घर येतंच. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

आई बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "आमच्या घरी रोज ७२चा दुष्काळ असतो."

मला हसू आवरेना. ताटात काही उरलं की आजी सुरू करायची: आम्ही लाल मिलोच्या, परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, दुष्काळी कामावर राबलो. "पण मी तेव्हा नव्हतो, त्यात माझी काय चूक?"

त्याचं बरोबर होतं. 'आमच्या वेळी' म्हटलं की मुलाला आधी अपराधी वाटतं. आणि अपराधी वाटणारं पोर आभार मानत नाही, खोलीचं दार लावून घेतं.

तरी मी आधी पुस्तकी उपायच केला. कृतज्ञतेची वही: कशाबद्दल आभार वाटतात ते लिहायचं. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास सांगतो, की अशा नोंदी लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल अधिक बरं वाटलं. आमची वही चौथ्या दिवशी हरवली.

मग त्याला सांगितलं, आजीला एकच विचार: त्या वर्षी तुला कुणी काय दिलं? काय सोसलं, ते विचारू नकोस.

पंधरा दिवसांनी तो आला तो बोलतच. "मॅडम, चुंबळ म्हणजे काय माहितीये?" आजी तेव्हा बारा वर्षांची, बीड जिल्ह्यात पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. पाटी डोक्याला रुतायची. परगावच्या एका बाईनं स्वतःची चुंबळ, म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायचं कापडाचं वेटोळं, काढून तिच्या डोक्यावर ठेवली आणि आपण नुसत्या पदरावर पाटी घेतली. सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलं जाणारं पौष्टिक पीठ, वाटायला आली की तीच बाई आजीला रांगेत पुढे घ्यायची. "आजीला तिचं नावसुद्धा माहीत नाही! आणि सांगताना रडली." मग जुन्या लुगड्याची चुंबळ वळून आजीनं त्याच्या डोक्यावर पाण्याची बादली चढवली. निम्मं पाणी अंगावर.

तिसऱ्या भेटीत आईनं विचारलं, "पण थँक यू कुठे म्हणतो अजून?"

नव्हताच म्हणत. फक्त, "भाजी कमी दे, उरते," एवढं सांगायला लागला होता. मला ते पुरेसं वाटलं, त्यांना नाही. म्हणून तोच प्रश्न त्यांनाही विचारला: तुम्हाला कुणी काय दिलं?

बराच वेळ गेला. "हा झाला तेव्हा सहा महिने रात्रीचं सगळं सासूबाईंनी केलं. मला झोपू दिलं."

"हे त्यांना कधी बोललात?"

आता त्यांची नजर फरशीवर होती.