जोडटायर की एकच रुंद टायर?

प्रश्न: माझा सहाचाकी ट्रक ऊस वाहतो. मागे दोन्ही बाजूंना शेजारी-शेजारी दोन टायर, म्हणजे जोडटायर, असतात; त्यांऐवजी एकेक रुंद टायर घातला तर डिझेल वाचेल, असं म्हणतात. घालू का?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर: नको, भाऊ. डिझेल थोडं वाचतं, गाडीचं वजनही घटतं, पण ते सपाट हायवेवर. तुमची गाडी फडात शिरते. जोडीतला एक फुटला तर दुसऱ्यावर हळूहळू डांबरीपर्यंत येता येतं; एकटा फुटला की रिम थेट चिखलात. शिवाय 2018 पासून चार टायरच्या, म्हणजे जोडटायरवाल्या, एक्सलला (चाकांच्या आसाला) 11.5 टन भार चालतो. दोन टायरच्या एक्सलची मर्यादा कमी.

मात्र जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेजनेच बघा, लाथ मारून नाही. तो बसला की सगळा भार बाहेरच्यावर येतो, बाहेरचा तापतो. आणि जोडीत अडकलेला दगड पहारीने काढल्याशिवाय फडातून निघू नका.