कॉर्डलेस रोटरी हॅमर ड्रिल घरी वापरताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "१८ व्होल्टचं मशीन घेतलंय, वायर नसल्यामुळे शॉकची भीती नाही. आरसीसी भिंतीत आणि स्लॅबला भोकं पाडायची आहेत. गॉगल आणि हातमोजे घातले की पुरे ना?" पुरे नाही. आणि शॉकची भीती नाही हे तुम्हाला सांगितलं कोणी? दुकानदाराने, की आमच्या दाजींनी?

मशीनला वायर नाही, पण भिंतीला आहे ना! भिंतीत गाडलेल्या वायरींच्या (कन्सील) पाइपात बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, घुसलं की २३० व्होल्ट बिटमधून चकपर्यंत, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडापर्यंत, येतात. मागची मूठ रबर-प्लास्टिकची असते म्हणून माणूस वाचतो. पण घरगुती मंडळींना डाव्या हाताने मशीनचं नाक धरायची भारी हौस, आणि बऱ्याच मशीनांत तो भाग धातूचा असतो. साइड हँडल लावलं तर नाक धरायची वेळच येत नाही. हँडल खोक्यात ठेवायचं, नाक धरायचं आणि वर 'बॅटरीचं आहे, काही होत नाही' म्हणायचं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता बोलायचाही कंटाळा येतो. तरी बोलतो.

मी आयटीआयचा वायरमन. पुण्यात फ्लॅटची कामं करतो. ताईने नवीन फ्लॅट घेतला तेव्हा तिला हॉलमध्ये झोपाळा हवा होता. गावच्या घरातला सागवानी पाट, पितळी कड्या, सगळं तिने जपून ठेवलेलं. तिकडे तो तुळईला टांगलेला असायचा, इथे स्लॅब. मी म्हटलं, रविवारी माझं मोठं मशीन घेऊन येतो. पण दाजींना वास्तुशांतीच्या आधीच झोपाळा लागलेला पाहिजे होता. दाजी मेकॅनिकल इंजिनिअर. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यावरच आलं. त्यांनी ऑनलाइन कॉर्डलेस रोटरी हॅमर मागवलं आणि मी पोचलो तेव्हा ते प्लास्टिकच्या स्टुलावर चढलेले. गॉगल कपाळावर. साइड हँडल सोफ्यावरच्या खोक्यात, त्याची पातळ पिशवीसुद्धा फोडलेली नाही.

"दाजी, मेन पाडलाय का?"

"पाडलाय की. आणि हे कॉर्डलेस आहे रे, शॉक यायला वायर कुठंय?"

स्वयंपाकघरातला पंखा मजेत फिरत होता. मी म्हटलं, "मग तो पंखा कशावर चाललाय?"

"तो होय? तो इन्व्हर्टरवर."

असं म्हणाले, जणू इन्व्हर्टरची वीज चावत नाही. घराघरांतला हा सापळा आहे. मेन पाडला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, आणि दिवे-पंख्यांच्या वायरी पूर्वीइतक्याच जिवंत राहतात. आणि स्लॅबमधून जातात त्या नेमक्या याच वायरी, दिव्या-पंख्यांच्या. आत १२ व्होल्टची बॅटरी असली तरी बाहेर येतात ते २३०च्या आसपास. तेव्हा मेन पाडायचा, मग इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणावर बंद करायचा, मग जवळच्या होल्डरमध्ये किंवा बोर्डात टेस्टर लावून बघायचं. मशीन बॅटरीवर चालतंय, अंधार पडला तर मोबाइलचा टॉर्च आहे. घरातली वीज अर्धा तास नसली तर काय बिघडतं?

मी म्हटलं, थांबा, मी इन्व्हर्टर बंद करून येतो. बाल्कनीत गेलो, बटण दाबलं, आणि मागून आवाज बदलला. काँक्रीटमध्ये हॅमरचा आवाज भरीव, एकसारखा असतो. सळई लागली की ठण्‌ठण्‌ असा कोरडा, वरचा आवाज येतो, भुकटी पडायची जवळजवळ थांबते, बिट पुढे सरकत नाही. दाजींनी अशा वेळी जे करायचं नसतं तेच केलं. जोर लावला.

मी आत आलो तर दाजी फरशीवर बसलेले, उजवं मनगट डाव्या हातात धरून. स्टूल आडवं. आणि मशीन वर स्लॅबला लटकलेलं, बिट भोकात अडकलेलं, मशीनचा तो बारीक एलईडी दिवा अजून पेटलेला. मनगटाला बारीक फ्रॅक्चर निघालं. वास्तुशांतीला उजवा हात प्लास्टरमध्ये. उदक सोडायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी वर बघितलं, ताईने कपाळाला हात लावला. मनगट मशीनच्या झटक्याने गेलं की स्टुलावरून पडल्याने, हा वाद आमच्याकडे अजून चालू आहे. मला त्याने काही फरक पडत नाही. झटका बसला नसता तर पडलेच नसते.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत दाजींचं एकच पालुपद: "ऑनलाइन मशीन फॉल्टी निघालं." दाजी, मशीन फॉल्टी नव्हतं. तुम्ही ते परत करायला निघालात तेव्हा ताईकडून मी ते मागून घेतलं. तेव्हापासून साइटवर माझ्या पोराच्या हातात आहे. एक बॅटरी तेवढी बदलली.

आता झालं काय ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून खडखडतात. काम पुढे जायला माणसाला मागून रेटावं लागतं. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो. तो हवा दाबतो, ती हवा आतल्या हातोड्याला ढकलते आणि हातोडा बिटच्या बुडावर आपटतो, मिनिटाला चार-पाच हजार वेळा. मारायचं काम मशीनचं, तुमचं काम फक्त धरायचं आणि सरळ ठेवायचं. म्हणूनच यात रेटायचं नसतं. रेटलं तर ठोका उलट कमी बसतो, बिट तापतं, आणि अडकलं की झटका मोठा येतो. बिट अडकतं तेव्हा ते थांबतं, पण मोटर थांबत नाही. फिरायला दुसरं काही उरत नाही म्हणून मशीनच फिरतं. बिट घड्याळाच्या दिशेने फिरत असतं, अंग उलट दिशेने, आणि त्याबरोबर तुमचं मनगट. आत सेफ्टी क्लच (जोर फार वाढला की घसरणारी जोडणी) असतो, पण तो घसरेपर्यंत पहिला हिसका हाताला बसून गेलेला असतो. महागड्या मॉडेलांत असा हिसका ओळखून मोटर बंद करणारं सेन्सर येतं. तुमच्यात आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. नसलं तर साइड हँडल हेच तुमचं सेन्सर. दोन्ही हात लांब-लांब अंतरावर असले तर तोच हिसका नुसता धक्का वाटतो.

लोक १८ व्होल्ट ऐकून खेळणं समजतात, तिथेच फसतात. वायरच्या मशीनला निदान प्लग काढला की माणूस निर्धास्त. यात बॅटरी लावलेली असली की मशीन कधीही चालू होऊ शकतं. काखेत धरून चढताना, पिशवीत टाकताना, बिट बदलताना. बिट बदलायचं तर आधी बॅटरी काढा, कंटाळा करू नका. तेवढ्यापुरतं खाली ठेवताना सुलट-उलट फिरवायचं बटण मधोमध ठेवा, म्हणजे ट्रिगर दबत नाही. बिट बसवल्यावर ओढून बघा. एसडीएस प्लसचं (दांड्याला खाचा असलेलं, ढकलून बसणारं) बिट पुढे-मागे थोडं हलतं, ते तसंच हलायला हवं, बाहेर मात्र येता कामा नये. गोल दांड्याचं बिट अॅडॅप्टर लावून हॅमर मोडवर चालवू नका. आणि मोडचा खटका मशीन फिरत असताना वळवला तर गिअर खाल, मग मशीन खरंच फॉल्टी होईल.

स्लॅबबद्दल. सळईवर काँक्रीटचं कव्हर साधारण २० मिमी धरलेलं असतं, वर गिलाव्याचा थर. म्हणजे इंच-दीड इंच आत गेलं की सळई भेटायची शक्यता भरपूर. आवाज बदलला की ट्रिगर सोडायचा. ते भोक सोडून द्या, दोन इंच बाजूला नवीन घ्या. सळई कापून पुढे जायचा पुरुषार्थ दाखवू नका, बिटचं कार्बाइडचं टोक जातं आणि स्लॅबही कमजोर होतो. अडकलंच तर बॅटरी काढा, बिट चकमधून सोडवा आणि मग पान्याने उलटं फिरवून बाहेर घ्या. ट्रिगर दाबून हिसडे देऊ नका. उभं राहायला घोडा किंवा रुंद पायऱ्यांची शिडी घ्या. प्लास्टिकचं स्टूल नको म्हणजे नको. अडीच-तीन किलोचं मशीन डोक्यावर धरून चवड्यांवर उभं राहणारा माणूस आधीच अर्धा पडलेला असतो.

वायरी कुठे असतात याचा ढोबळ अंदाज: स्विचबोर्डच्या थेट वर आणि थेट खाली कधीच भोक घेऊ नका, स्लॅबमध्ये पंख्याच्या खोक्यापासून बोर्डाच्या भिंतीकडे जाणाऱ्या रेषेतही नको. बाथरूमला गिझरच्या आणि नळाच्या सरळ रेषेत पाइप असतात. पण ओतकामाच्या वेळी पाइप टाकणाऱ्याने शॉर्टकट मारलेला असू शकतो. असे शॉर्टकट मी पाहिलेत, म्हणून वीज बंद करणं चुकवायचं नाही. आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर फार उत्तम, ३० मिलिअँपिअरचा जीव वाचवतो. पण इन्व्हर्टरच्या आउटपुटवर बहुतेक घरांत तो नसतोच, हे लक्षात ठेवा.

धुळीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, कुणीच विचारत नाही. काँक्रीट, वाळू, ग्रॅनाइट, टाइल, सगळ्यांत सिलिका असते. ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीपेन्सिलींच्या कारखान्यांतले कामगार याच सिलिकोसिसने गेले. चार भोकांनी तुम्हाला काही होणार नाही, पण रोज करणाऱ्याला होतं. माझ्या पोरांना मी एन९५ लावल्याशिवाय मशीन हातात देत नाही. रुमाल बांधून चालत नाही. स्लॅबला करताना श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घ्या, बुडाला भोक पाडा, बिट त्यातून वर काढा आणि डब्याचं तोंड छताकडे ठेवा. डबा बिटवर सैल बसू द्या, एका हाताने धरत बसू नका, दोन्ही हात मशीनवरच. भुकटी डब्यात पडते, डोळ्यांत आणि ताईच्या सोफ्यावर नाही. गॉगल तरीही हवाच, कपाळावर नाही, डोळ्यांवर. बंद खोलीत आवाजही कान बसवणारा असतो, फार्मसीत स्वस्तात मिळणारे इअरप्लग घाला.

आता दोन गोष्टी, ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. एक, तुमची इमारत नवीन टॉवर असेल आणि स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल तर बिल्डरकडून ड्रॉइंग घेतल्याशिवाय त्याला बिट लावू नका. आत ताणलेल्या केबल असतात. बीम आणि कॉलमला तर कुठल्याच इमारतीत नाही. दोन, झोपाळ्याचं ओझं नुसतं उभं खाली नसतं, झुलताना हिसके बसतात. टीव्हीचा स्टँड लावणं वेगळं आणि झोपाळ्यावर माणसं बसवणं वेगळं. त्यासाठी अँकर (भोकात घट्ट बसणारा बोल्ट) कोणता, किती आणि कुठे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. मला नाही, आणि मेकॅनिकललाही नाही.

ताईचा झोपाळा शेवटी मीच लावला, इंजिनिअरने खूण करून दिलेल्या जागी. भोकं पाडली त्याच 'फॉल्टी' मशीनने, हँडल लावून, दाजींच्या समोर. ते म्हणाले, "आता रिपेअर करून आणलेलं दिसतंय."

हातमोज्यांचं राहिलं. घट्ट बसणारे, बोटांना चिकटणारे घाला. सैल सुती, धागे लोंबणारे असतील तर उघडा हात बरा, कारण फिरणाऱ्या बिटने धागा पकडला तर हात मागोमाग जातो. ओढणी, गळ्यातला दोरा, मनगटातला गंडा, फुल बाह्यांचा सैल शर्ट, हे सगळं आधी काढा किंवा आत खोचा.