चॅप्लेनला मराठीत काय म्हणायचं?

कुडाळहून एक प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "भाचीने वेल्लोरला राहून हॉस्पिटल चॅप्लेन्सीचं प्रशिक्षण घेतलं. आता ती गोव्यात एका हॉस्पिटलात काम करते. आमच्या चर्चच्या फेस्ताच्या (वार्षिक उत्सवाच्या) अंकात तिचा परिचय द्यायचाय. 'पाद्री' लिहिलं तर लोक हसतील, आणि ती सिस्टर, म्हणजे ननही नाही. एक जण 'धर्मगुरू' सुचवतो, दुसरा 'समुपदेशक'. बरोबर शब्द कोणता?"

चॅप्लेन म्हणजे हॉस्पिटल, सैन्य, तुरुंग अशा जागी नेमलेला, तिथल्या माणसांना आध्यात्मिक आधार देणारा माणूस. आता शब्द बघू. आधी 'पाद्री'. हा शब्द चालणार नाही, पण त्याला असंच वाटेला लावणं बरं नाही, कारण तो आपल्याच किनाऱ्याचा शब्द आहे. पोर्तुगीजांचा 'पाद्रे' म्हणजे बाप. सोळाव्या शतकात तो इथे उतरला, मराठी-कोंकणीत मुरला आणि इंग्रजांनी तो इथूनच उचलला. ब्रिटिश सैन्यात चॅप्लेनला आजही 'पाद्रे' म्हणतात. इंग्रज कंपनीच्या १६९८च्या सनदेत तर अशी अट होती की हिंदुस्थानात पाठवलेल्या पाद्र्याने वर्षभरात पोर्तुगीज शिकून घ्यावी. किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसांशी बोलायचं तर तेव्हा तीच भाषा कामाची होती.

भारतीय लष्करात हा शब्द अजून नोकरीच्या जाहिरातीत दिसतो. धर्मशिक्षक म्हणून नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर भरती होते, त्यात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्या रांगेत 'पाद्री' असतो. म्हणजे लष्करापुरता पाद्री हाच चॅप्लेनला नेमका शब्द. मात्र तिथे अट आहे की माणसाने धर्मगुरूची दीक्षा घेतलेली हवी आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत त्याचं नाव हवं. तुमची भाची इथेच बाहेर पडते.

'चॅप्लेन'चं मूळ एका झग्यात आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाने आमिअँ शहराच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून दिला, अशी कथा आहे. पुढे तो संत झाला आणि उरलेला झगा फ्रँक राजांनी पवित्र वस्तू म्हणून जपला, लढाईलाही बरोबर नेला. लॅटिनमध्ये लहान झगा तो 'कापेल्ला'. तो सांभाळणारे धर्मगुरू ते 'कापेल्लानी', आणि तो ठेवायची जागा ती चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. कोंकणीतलं 'कोपेल' याच घराण्यातलं. (चार्ली चॅप्लिनचं आडनावही. म्हणून मराठीत लिहिताना 'चॅप्लेन' लिहा. 'चॅप्लिन' छापलंत तर वाचकाच्या डोळ्यांपुढे टोपी आणि काठी येईल.)

या कथेतला आपल्या कामाचा भाग एवढाच, की हा माणूस देवळात बसून राहणारा नव्हता, छावणीबरोबर हिंडणारा होता. 'धर्मगुरू' या शब्दाने माणसाची दीक्षा कळते, 'चॅप्लेन'ने त्याची नेमणूक कुठे आहे ते कळतं. ही नेमणूक हॉस्पिटल, तुरुंग, कॉलेज, विमानतळ, कारखाना अशा कुठल्याही जागी असू शकते. रत्नागिरी-देवगडकडे घरटी नाही तरी वाडीगणिक एक तरी माणूस बोटीवर असतो. त्यांना विचारा, परदेशी बंदरात सीमेन्स क्लबचा, म्हणजे खलाशांसाठीच्या क्लबचा, कुणीतरी बोटीवर चढतो, सिमकार्ड आणतो, अडकलेल्या पगाराची तक्रारही ऐकून घेतो. मिशन टू सीफेरर्स ही बंदरांत चॅप्लेन नेमणारी संस्था १८५६पासून हेच करते आहे, कॅथलिकांचं स्टेला मारिस १९२०मध्ये ग्लासगोत सुरू झालं. ऐकून घेताना खलाशाचा धर्म कुणी विचारत नाही.

याच कारणाने प्रोटेस्टंटांचा 'पाळक'ही इथे बसत नाही. शब्द सुरेख आहे. इफिसकरांस पत्रातला 'पाळक व शिक्षक' मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानात बसलेला आहे. पण पाळक म्हटला की ठरलेला कळप आला. वॉर्डात कळप कुठला? सोमवारी खाट नंबर चारवर कणकवलीचा मुसलमान म्हातारा असतो, शुक्रवारी तिथे पेडण्याची हिंदू बाळंतीण.

आता खरी अडचण, आणि ती भाषेची नाही. फेस्ताचा अंक म्हणजे तुमचं चर्च कॅथलिक, असं धरून चालतो. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत, ५६४व्या कलमात, चॅप्लेन म्हणजे धर्मगुरूच अशी व्याख्या आहे. १९९७मध्ये व्हॅटिकनने एक निर्देशपत्र काढून हेही बजावलं की दीक्षा न घेतलेल्यांनी 'पास्टर', 'चॅप्लेन' अशा उपाध्या लावू नयेत. तेव्हा अंकात 'चॅप्लेन' छापलंत तर भाचीचं कौतुक राहील बाजूला, तुमचे फादर आधी त्या शब्दावर बोट ठेवतील. ते नियमाला धरूनच असेल. भाची प्रोटेस्टंट असती तर हा प्रश्नच आला नसता. तिकडे दीक्षा न घेतलेले स्त्री-पुरुषही बऱ्याच ठिकाणी हे पदनाम लावतात.

उरला 'समुपदेशक'. हा मला सर्वांत कमी पटतो. समुपदेशकाकडे माणूस वेळ ठरवून, अडचण घेऊन जातो. ही मुलगी न बोलावता खाटेपाशी जाते, आणि रुग्ण "नको, जा" म्हणाला तर जाते. इंजेक्शनला असं सहजासहजी नको म्हणवत नाही.

शिवाय तिचं शिक्षणच वेगळं आहे. चॅप्लेनला रुग्णालयातच शिकवायच्या या पद्धतीची सुरुवात १९२५मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन या पाळकाने केली. ते स्वतः आधी मनोरुग्णालयात राहून आलेले होते. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांइतकीच माणसंही वाचावीत, असा त्यांचा आग्रह. रुग्णांना ते 'जिवंत मानवी दस्तऐवज' म्हणत. अमेरिकेत या प्रशिक्षणाचं एक सत्र किमान ४०० तासांचं असतं, आणि त्यातले बहुतेक तास वॉर्डात जातात. त्यात एक प्रकार असतो, त्याला 'व्हर्बेटिम' म्हणतात. रुग्णाशी झालेलं बोलणं नंतर आठवून शब्द न् शब्द लिहायचं, नाटकाच्या संहितेसारखं: रुग्ण १, चॅप्लेन १, रुग्ण २. कुठे थांबले, कुठे खिडकीकडे बघितलं, तेही लिहायचं. मग तो कागद गटापुढे वाचायचा आणि बाकीच्यांनी विचारायचं, "इथे तू विषय का बदललास?"

शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला या कागदाचं भारी आकर्षण वाटतं. समजा, सावंतवाडीकडची आजी म्हणाली, "माका घराक व्हरा." कागद इंग्रजीत लिहिला तर ते 'मला घरी न्या' एवढंच उतरेल. डिस्चार्ज हवाय, की आता पुरे झालं म्हणते आहे, की मुलगा चार दिवस फिरकला नाही म्हणून रुसली आहे? ते त्या 'व्हरा'च्या सुरात असतं, आणि सूर कागदावर येत नाही. पण मालवणी जसंच्या तसं लिहिलं तर वाचताना निदान आठवतो. भाचीला विचारा, तिने कुठल्या भाषेत लिहिलं ते. मला खरंच उत्सुकता आहे.

'धर्मप्रसारक' किंवा 'मिशनरी' मात्र चुकूनही लिहू नका. दुसऱ्याच्या खाटेपाशी आपला धर्म न लादणं हा या पेशाचा पाळायचा नियम आहे. हल्लीच्या दिवसांत असा शब्द छापून मुलीला नसत्या चौकशीत कशाला लोटायचं?

माझा कौल 'सोबत'ला. रात्री वॉर्डातली नर्स काय विचारते? "पेशंटजवळ सोबतीला कोण आहे?" सोबत करणारा औषध देत नाही, उपदेश करत नाही, उशाशी बसतो. नाम बनवायच्या भानगडीत मात्र पडू नका. 'आध्यात्मिक सोबती' हे सरकारी पाटीसारखं दिसतं, 'सोबतीण'चा सूर वेगळाच लागतो. मराठीला असल्या जागी क्रियापद जास्त मानवतं. असं लिहून बघा:

"वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हॉस्पिटल चॅप्लेन्सीचं प्रशिक्षण घेऊन ती आता गोव्यात काम करते. कुठल्याही धर्माच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना ती आध्यात्मिक सोबत करते, आणि रुग्णाने इच्छा सांगितली तर त्याच्या फादरना, भटजींना किंवा मौलवींना निरोप देते."

इथे 'चॅप्लेन्सी' हे अभ्यासक्रमाचं नाव म्हणून आलं आहे, तिची उपाधी म्हणून नाही. त्यामुळे फादरांचीही हरकत नसावी. निरोपाची गोष्ट मी अंदाजाने घातली आहे, तेव्हा तिला विचारूनच ठेवा किंवा काढा. तिच्या ओळखपत्रावर हॉस्पिटलने वेगळं पदनाम दिलं असेल तर ते तसंच देवनागरीत घ्या.