जोडीदाराचे साध्या कागदावरचे मृत्युपत्र आणि भावाची धमकी

प्रश्न : मी निपाणी तालुक्यात राहतो. गेल्या पावसाळ्यात पुरात अडकलेल्या जीपमधून तिघांना बाहेर काढताना माझा जोडीदार वाहून गेला. आम्ही दोघे पुरुष असून अकरा वर्षे एकत्र राहत होतो. गावाने त्याची शोकसभा घेतली, त्यात माझा उल्लेखही झाला नाही. सरकारी मदतीचे चार लाख रुपये त्याच्या आईला मिळाले; त्याबद्दल माझी तक्रार नाही. घर त्याच्या नावावर, त्याच्याच कमाईचे आहे. घर व ठेवी मला द्याव्यात असे त्याने साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून ठेवले आहे. एलआयसीच्या पॉलिसीवर मी नॉमिनी आहे. त्याचे वडील हयात नाहीत. भाऊ म्हणतो की कागद नोंदवलेला नाही, मी त्यांचा कोणी लागत नाही आणि घर सोडले नाही तर आमचे संबंध तो चव्हाट्यावर आणील. मी काय करावे? त्याच्या धाडसाची सरकारदरबारी नोंद होईल का?

उत्तर : ज्या भावाच्या धमकीने आपण घाबरला आहात, त्याला या मालमत्तेत आज कोणताही हक्क नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित व निपुत्रिक पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची आई वर्ग एकची वारस म्हणून सगळी मालमत्ता एकटी घेते. वडीलसुद्धा वर्ग दोनमध्ये येतात आणि भावाचा क्रम त्यांच्याही नंतरचा आहे. म्हणजे मृत्युपत्र क्षणभर बाजूला ठेवले, तरी प्रश्न आपण आणि आई या दोघांमधला उरतो.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांकही लागत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ ची अपेक्षा एवढीच आहे की, करणाऱ्याने सही करावी आणि ती पाहिलेल्या किंवा ती आपलीच असल्याचे त्याच्याकडून ऐकलेल्या किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. स्वकष्टार्जित मालमत्ता कोणाला द्यावी हे ठरवताना नाते असण्याची अट कायद्याने घातलेली नाही. माणूस ती शेजाऱ्यालाही देऊ शकतो. मात्र जागेचा उतारा तपासून ती वडिलोपार्जित नसल्याची खात्री करून घ्यावी, कारण तशी असल्यास मृत्युपत्र फक्त त्याच्या हिश्श्यापुरते चालेल. खरी कसोटी पुराव्याच्या वेळी लागेल. म्हैसूरच्या एका मृत्युपत्रावरून उद्भवलेल्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारीही त्याचीच असते. आईला वगळणे हेही संशयाचे कारण मानले जाऊ शकते. म्हणून कागद कोणी लिहिला आणि त्या वेळी कोण हजर होते, हे दोन्ही साक्षीदारांकडून आताच प्रतिज्ञापत्रावर घ्यावे, आणि मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नये.

न्यायालयात ‘मी त्याचा पती’ अशी मांडणी करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. सुप्रियो खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. माझ्या मते तो निकाल अपुरा आहे. पण आपल्या घराचा प्रश्न कायदा बदलेपर्यंत थांबणार नाही. समलिंगी नात्यांतूनही कुटुंब घडते, असे त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये दीपिका सिंग प्रकरणात म्हटले आहे. ते वचन वकिलाने जरूर वाचून दाखवावे, परंतु मालकी सिद्ध होईल ती मृत्युपत्रानेच.

पॉलिसीबाबतही हेच लागू होते. विमा कायद्याच्या कलम ३९ नुसार आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले हेच नॉमिनी रकमेचे लाभधारक ठरतात. आपण ती रक्कम स्वीकारू शकाल, पण स्वतःजवळ ठेवण्यासाठी मृत्युपत्राचाच आधार लागेल. त्यातील ‘ठेवी’ या शब्दात विम्याची रक्कम येते का, यावर वाद होऊ शकतो. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे धर्मगुरू मायकल जज मरण पावले, जे स्वतः समलिंगी होते. त्यांच्या नावाने २००२ मध्ये झालेल्या कायद्याने, कर्तव्यावर मृत्यू आलेल्या जवानाच्या विमा पॉलिसीवर ज्याचे नाव असेल त्यालाही सरकारी मदत मिळण्याची वाट खुली केली आणि त्यामुळे समलिंगी जोडीदारांनाही ती मिळू लागली. आपल्याकडे तशी तरतूद नसल्याने चार लाखांवर दावा न करण्याचा आपला निर्णय योग्यच आहे.

धमकीविषयी : प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालापासून गुन्हा राहिलेले नाहीत. उलट बदनामीची भीती घालून मालमत्ता सोडायला लावणे हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ व ३५१ खाली खंडणीचा प्रयत्न आणि गुन्हेगारी धाकदपटशा ठरू शकते. मोबाइलवरील संदेश पुसू नका. ताबा न्यायालयाच्या आदेशाशिवाय सोडू नका आणि दिवाणी न्यायालयात मनाई हुकमासाठी अर्ज करा. तरीही बळाने बाहेर काढले गेल्यास सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा दाखल करावा लागतो.

आईशी मात्र थेट बोला, भावाच्या मार्फत नको. मृत्युपत्राने मालमत्ता आपल्याकडे आली, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २२ नुसार त्याच मालमत्तेतून आईचा निर्वाह करण्याची जबाबदारीही आपल्यावर येऊ शकते. त्यांना घरात हयातभर राहण्याचा हक्क आपणहून लिहून दिला आणि त्यांनी मृत्युपत्राला हरकत नसल्याचे दिले, तर दाव्याचा बराचसा भाग तिथेच मिटेल.

धाडसाची नोंद होऊ शकते. जीव वाचवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची जीवन रक्षा पदके आहेत, ती मरणोत्तरही दिली जातात आणि त्या माणसाचे कोणावर प्रेम होते याचा त्यांच्या निकषांशी संबंध नाही. शिफारस राज्य सरकारमार्फत जाते, तेव्हा वाचलेल्या तिघांचे जबाब, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जोडून बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० मुळे ते मराठीतही देता येते. तरीही सोबत कन्नड अनुवाद जोडलात तर फाईल टेबलावर अडून राहणार नाही. पदक व रक्कम बहुधा आईच्या हाती दिली जाईल. निवेदनावर ‘अकरा वर्षे सोबत राहणारा’ एवढेच लिहून आपली सही करावी की नुसते नाव लिहावे, हे आपण ठरवा. कायदा आपल्याला दोन्हींपैकी कशाचीही सक्ती करत नाही. घटनेला बराच काळ लोटल्यास शिफारस स्वीकारली जात नाही, म्हणून हे निवेदन दिवाणी दाव्याच्या निकालाची वाट न पाहता आधी पाठवावे.