सराव पाठाला उभं राहण्याआधी एवढं सांभाळा

पहिल्या महिन्यात शिकवण्याची सगळी तंत्रं वापरायला जाऊ नका. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात.

१. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक; त्यांनी वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत मुलाला आधी प्रश्न उलगडायचा असतो, मग वाक्य जुळवायचं असतं, म्हणून पाच सेकंद द्या. मनात आकडे मोजा. ती शांतता फार जड वाटते, पण ती मोडू नका.

२. सूचना एका वेळी एकच, करून दाखवत. आधी सूचना, मग कागद वाटप. उलट केलंत तर कुणी ऐकत नाही.

३. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘आधी काय करायचं?’ असं विचारा.

नव्या शिक्षकांची नेहमीची चूक म्हणजे मुलाला दर वाक्याला अडवणं. मूल म्हणालं, ‘येस्टरडे आय गो मार्केट’, तर ‘ओह, यू वेंट टु द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?’ एवढंच म्हणा. बरोबर रूप कानावर पडतं, बोलणंही तुटत नाही.

घरची भाषा बंद करू नका. आधी शेजारच्या मुलाशी घरच्या भाषेत विचार करून मुलं इंग्रजीत जास्त धीटपणे बोलतात. मूल्यमापनाचे तक्ते सध्या बाजूला ठेवा.