नागपूर ते मुंबई विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

तुम्ही विचारलंय की एका साईटवर १ तास ५ मिनिटं दाखवतात आणि तिकिटावर १ तास ३५ मिनिटं आहेत, तर खरं कोणतं? आई पहिल्यांदाच एकट्या विमानाने येताहेत, त्यांना घ्यायला घरून कधी निघावं?

दोन्ही खरं आहे. सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) ते सांताक्रूझ (मुंबईचा) सरळ रेषेत साधारण ६८५ किलोमीटर आहे. रेल्वेने हेच ८३७ किलोमीटर पडतं, कारण गाडी भुसावळ, मनमाड, कसारा घाट करत जाते. (आमच्या सोनेगावचं महत्त्व जुनं आहे. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपालाची विमानं मध्यरात्री इथे एकत्र यायची आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. या चौघांत मुंबईच सर्वांत जवळ.)

एवढं अंतर हवेत तास-सव्वा तासात कापलं जातं. साईटवाले तेवढंच मोजतात. तिकिटावरचा वेळ मात्र विमान नागपूरला जागेवरून हललं की सुरू होतो आणि मुंबईत ठरलेल्या जागी उभं राहिलं की संपतो. मधला अर्धा तास मुख्यतः मुंबईचा. तिथे धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि वर विमानांची रांग लागते. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, त्यामुळे जाताना जरा जास्त वेळ लागतो आणि परतताना तोच वारा पाठीशी असतो.

माझ्या आईच्या उपचारांसाठी दोन वर्षं मी तिला घेऊन दर महिन्याला मुंबईला जात होतो. पहिल्या खेपेला उतरायची घोषणा झाली, पट्टे बांधले, आणि विमान गोल फिरायला लागलं. खाली तीच खाडी दुसऱ्यांदा दिसली तशी आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "वाट चुकला का रे हा?" मी शेजारी होतो म्हणून समजावता आलं. तुमच्या आई एकट्या असतील, म्हणून हे त्यांना आधीच सांगून ठेवा: विमान घिरट्या घालतंय म्हणजे नंबर यायचाय, बाकी काही नाही.

आता तुमच्या निघण्याचं. तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेआधी घाई करू नका. विमान थांबल्यावर बाहेर यायला, बॅग आली असेल तर ती घ्यायला, अर्धा-पाऊण तास सहज जातो. टर्मिनल १ की २ ते मात्र तिकिटावर नीट बघा. धावपट्ट्या त्याच असल्या तरी दोन्ही टर्मिनलची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत, आणि चुकीच्या दारात उभं राहिलात तर आईंना शोधता शोधता जीव घाबरेल. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून थांबू नका.

इकडे नागपुरात त्यांना दीड-दोन तास आधी पोहोचवायला सांगा. मेट्रोने येणार असतील तर एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान असेल तर बर्डीहून (सीताबर्डी) सरळ ऑटो किंवा कॅबच बरी. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवा. तो माणूस त्यांना काउंटरपासून विमानापर्यंत नेतो, आणि मुंबईत उतरल्यावर दुसरा पार तुमच्यापर्यंत आणून सोडतो.