केरळात पेन्टेकॉस्टल मंडळ्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाची चर्चं, एवढ्या कशा वाढल्या? परदेशी मिशनऱ्यांच्या जोरावरच ना?

अर्धंच खरं. जॉर्ज बर्ग, रॉबर्ट कुक हे परदेशी प्रचारक सुरुवातीला आले, पण पंथ रुजवला तो मल्याळी माणसांनीच. त्यांतले के. ई. अब्राहम हे मूळचे सीरियन ख्रिस्ती घरातले, म्हणजे केरळातल्या जुन्या, वरच्या जातीच्या मानल्या जाणाऱ्या ख्रिस्ती समाजातले. मंडळीचा कारभार मिशनऱ्याच्या हाती नको, यावरून 1930 मध्ये त्यांचं कुकशी फाटलं. त्यांच्या इंडियन पेन्टेकॉस्टल चर्च ऑफ गॉडची नोंदणी 1935 मध्ये झाली, तीही केरळात नव्हे, आंध्रातल्या एलुरूला! म्हणजे प्रसार तोवर कुठवर गेला होता बघा.

खर्चही फार नव्हता. कुणाच्या तरी घरात प्रार्थना, पाद्री आपल्यातलाच, झगा नाही, पांढरा शर्ट आणि मुंडू, म्हणजे केरळी लुंगी. अंगावर सोनं घालायचं नाही. साक्ष द्यायला, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सांगायला, कुणीही उठावं.

पुढे आखाती नोकऱ्या आणि नर्सिंगमुळे मंडळ्या कुवेत-दुबईला पोचल्या, मुंबईतही आल्या. त्या कमाईवर उत्तर भारतात प्रचारक जाऊ लागले. केरळातल्या कुंबनाडला दर जानेवारीत मोठं अधिवेशन भरतं.

जात मात्र सुटली नाही. सीरियन आणि दलित विश्वासणाऱ्यांमधली दरी मंडळीतही राहिली, आणि वाढीच्या कौतुकात हे सहसा कुणी सांगत नाही.